धाक कोणाला बसतो?



अमली पदार्थांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, तरुण पिढी वाया चालल्याचा. दुसरा, अमुक इतक्या कोटींचा माल पकडल्याचा. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत आणि दोन्हींबद्दल भरपूर बोललं गेलं आहे. आजचा विषय तिसरा आहे. नशेचे समाजावर परिणाम होतात, तसे नशेविरुद्धच्या सरकारी धोरणाचेही होतात, आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शिक्षा वाढवली की धाक वाढतो, हे खरं. पण तो सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्या दारावर नावाची पाटी आहे, ज्याची नोंदवही कधीही मागवता येते, ज्याला परवाना आणि अब्रू दोन्ही गमावण्याची भीती आहे, त्याला तो आधी बसतो. ज्याचा धंदाच कायद्याबाहेर चालतो, तो शिक्षेची जोखीम मालाच्या भावात धरून मोकळा होतो. गेल्या चार दशकांतल्या आपल्या धोरणाकडे या नजरेनं पाहिलं तर काय दिसतं, ते मांडतो.

आज ज्याला आपण वर्तमानपत्री भाषेत एनडीपीएस म्हणतो, तो अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. ऑगस्टमध्ये संसदेत मांडला गेला, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो देशभर लागू झाला. इतक्या दूरगामी कायद्याला इतके थोडे आठवडे पुरले, यावर फारसं कुणी बोलत नाही. घाईला कारणं होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली गांजा-चरसाचा पारंपरिक वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत संपत आली होती. इराण आणि अफगाणिस्तानातल्या उलथापालथीनंतर हेरॉईनच्या वाटा भारतातून जाऊ लागल्या होत्या. आणि मुंबईच्या गल्लीबोळांत हेरॉईनच्या पुडीसाठी 'गर्द' हा शब्द रुळला होता. तेव्हा भीती खोटी नव्हती. पण तिच्यातून निघालेला कायदा असा होता की मॉर्फिन, हेरॉईन, चरस, यांपैकी काहीही बेकायदा जवळ सापडलं तर किमान दहा वर्षांची कैद आणि किमान एक लाख रुपये दंड. न्यायाधीशाला त्याखाली उतरण्याची मुभा नव्हती. स्वतःच्या सेवनापुरतं अल्प प्रमाण सिद्ध करणाऱ्याला तेवढी सवलत होती. बाकी पाच ग्रॅम आणि पाच किलो एकाच मापानं. १९८८ मध्ये जामिनाच्या अटी आवळल्या गेल्या आणि काही प्रकारच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशी सक्तीची झाली. ती सक्ती पुढे २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं काढून टाकली. प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या २००१ मध्ये आल्या, म्हणजे सोळा वर्षांनी.

या सोळा वर्षांत धाक कुठे बसला, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा दवाखान्यांत सापडतो. मॉर्फिन हे अफूपासून निघणारं औषध. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनांवर त्याला तोडीस तोड, स्वस्त आणि तोंडानं घेता येणारा पर्याय आजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं कर्करोगातल्या वेदनांवर पायरीपायरीनं औषध कसं वाढवावं याची पद्धत १९८६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या वरच्या पायरीवर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन ठेवलं. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, मरणपंथाला लागलेल्या कर्करुग्णांसाठीचं देशातलं पहिलं आश्रयस्थान. म्हणजे वैद्यकशास्त्र आणि समाज दोन्ही एका दिशेनं निघाले होते. आणि नेमक्या त्याच काळात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घसरत गेला. १९८५ ते १९९७ या काळात तो सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाला. १९९७ मध्ये सबंध भारतानं, म्हणजे नव्वद कोटींहून अधिक लोकांच्या देशानं, जेमतेम १८ किलो मॉर्फिन वापरलं. कर्करुग्ण कमी झाले नव्हते.

हे कसं घडलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कायद्यानं मॉर्फिनच्या वैद्यकीय वापरावर बंदी घातली नव्हती. उलट वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी सवलत कलमातच होती. पण ती सवलत अमलात आणण्याचे नियम राज्यांनी करायचे होते, आणि राज्याराज्यांनी आपापले केले. एखाद्या रुग्णालयाला गोळ्या हव्या असतील तर जवळ बाळगण्याचा परवाना, दुसऱ्या राज्यातून आणायच्या तर आयातीचा, तिकडून निर्यातीचा, वाटेत वाहतुकीचा. काही ठिकाणी असे चार-पाच कागद, उत्पादन शुल्क खातं आणि औषध नियंत्रक अशा वेगवेगळ्या टेबलांवरून. प्रत्येकाची मुदत निराळी, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. चौथा हातात येईपर्यंत पहिला संपलेला. समजा, परवाना संपला आणि चार बाटल्या कपाटात राहिल्या, तर कलमाच्या अक्षरांप्रमाणे तो बेकायदा साठा. मग तीच दहा वर्षं. नोंदवही नीट ठेवली नाही तर परवानाधारकाला तीन वर्षांपर्यंत कैदेचं कलम वेगळंच. अशा वेळी तालुक्याच्या गावचा औषधविक्रेता काय करील? ज्या गोळीत चार पैसेही सुटत नाहीत, तिच्यापायी तुरुंगाची टांगती तलवार कोण डोक्यावर घेईल? त्यानं मॉर्फिन ठेवणं बंद केलं. त्यानं ठेवलं नाही म्हणून डॉक्टरनं लिहिणं सोडलं, आणि डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून कंपन्यांनी गोळी बनवणं कमी केलं. त्याच काळात गर्दची पुडी मात्र मुंबईत मिळायची थांबली नाही.

तोंडाच्या कर्करोगाचं महाराष्ट्रात काय प्रमाण आहे ते सांगायला नको. तंबाखूनं ते घरोघरी पोचवलं आहे. अशा रुग्णाला गिळणं कठीण जातं, बोलता येत नाही, जखमेला वास येतो म्हणून घरातली माणसंही लांब बसतात. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम चार तासांच्या आसपास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यावी लागते. दुखेल तेव्हा नव्हे, दुखण्याआधी. सोबत पोट साफ होण्याचं औषध द्यावं लागतं, नाहीतर बद्धकोष्ठानं जीव जातो. हे सगळं घरी, सुनेच्या किंवा बायकोच्या हातून होऊ शकतं. पण गोळी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातच मिळत असेल, तर गडचिरोलीच्या माणसाला ती संपल्यावर पुन्हा मुंबई गाठावी लागते, आणि तिथवर प्रवास करण्याच्या अवस्थेत तो नसतो. मग जिल्ह्याच्या गावी त्याला साधी वेदनाशामकं दिली जातात आणि 'आता देवाचं नाव घ्या' असं सांगितलं जातं. सरकारी धोरणाचा सामाजिक परिणाम म्हणतात तो इथे, त्या खाटेपाशी, दिसतो. गुन्हेगारीच्या कुठल्याही आकडेवारीत त्याची नोंद होत नाही.

यातला विरोधाभास इतका ढळढळीत आहे की तो सांगताना अतिशयोक्ती वाटावी. मंदसोर, नीमच, चित्तोडगड या पट्ट्यात सरकारी परवान्यानं अफू पिकते. बोंडांना चिरा देऊन निघणारा चीक शेतकऱ्याला सरकारलाच द्यावा लागतो आणि तो नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. असा चीक कायदेशीर मार्गानं निर्यात करणारा भारत हा जगातला एकमेव देश. शिंदे-होळकरांच्या मुलखातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, त्या व्यापारावर या शहरातली काही घराणी मोठी झाली. त्या इतिहासाचं हे आजचं टोक. जगाच्या वेदनाशामकांचा कच्चा माल आपण पुरवतो आणि आपल्या रुग्णाच्या वाट्याला काय येतं? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०१७ मध्ये देशोदेशींचे आकडे मांडले. वेदनाशमनाची गरज असलेल्या दर रुग्णामागे वर्षाला भारतात मॉर्फिनच्या मापात ४३ मिलिग्रॅम औषध पोचत होतं. गरजेच्या सुमारे ४ टक्के. चीनमध्ये ३१४ मिलिग्रॅम, मेक्सिकोत ५६२.

यावर पहिला आक्षेप असा येतो की यात कायद्याचा दोष नाही, अंमलबजावणीचा आहे; कारकुनांनी फायली वेळेवर हलवल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. मला हे पटत नाही. फाईल का हलत नाही याचंही कारण कायद्याच्या रचनेत आहे. ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं मॉर्फिन सुटतं, त्याच्या दृष्टीनं सही करण्यात धोका आहे आणि न करण्यात कसलाच नाही. उद्या त्यातली दोन पाकिटं बाजारात सापडली तर त्याची चौकशी होईल. सही न केल्यामुळे कुणी रात्रभर कळा सोसल्या तर त्याला कुणी जाब विचारणार नाही. रुग्णाच्या वेदनेची फाईल होत नाही. दहा वर्षांची किमान शिक्षा डोक्यावर असलेल्या व्यवस्थेत दिरंगाई हे शहाणपण ठरतं. म्हणून केंद्रानं १९९८ मध्ये सोप्या नियमांचा नमुना राज्यांना पाठवला, तरी बहुतेक राज्यांनी तो वर्षानुवर्षं बाजूला ठेवला. वेदनोपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अमेरिकेत काय झालं ते पाहा, असं म्हटलं जातं. तिथे वेदनाशामकांचे दरवाजे सैल केले आणि लाखो माणसं व्यसनात आणि मरणात गेली. हे खरं आहे आणि ते विसरून चालणार नाही. पण तिथे नेमकं काय सैल झालं? १९९६ मध्ये बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिन ही महागडी, दीर्घकाळ चालणारी गोळी पाठदुखीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यांना चालते, व्यसन क्वचित लागतं, असं सांगत कंपनीच्या प्रतिनिधींनी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. त्या फसव्या प्रचाराबद्दल पर्ड्यू कंपनीनं २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिथली चूक नफ्याला मोकळं सोडण्याची होती. इथे मागणी आहे ती पेटंट नसलेल्या, कुणालाच फारसा नफा न देणाऱ्या गोळीची, आणि तीही नोंदणीकृत संस्थेतून. शिवाय आपल्याकडचाच पुरावा आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनोपचाराचं केंद्र सुरू केलं. तिथल्या सतराशेहून अधिक रुग्णांना दोन वर्षांत घरी न्यायला मॉर्फिन दिलं गेलं. त्याचा अभ्यास २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषध बाहेर गेल्याचा, विकल्याचा, गैरवापराचा एकही प्रकार त्यांना आढळला नाही. केरळनं नियम लवकर सोपे केले, गावोगाव स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. त्यामुळे 'भारतात हे जमणार नाही' असं म्हणायला आता जागा राहिलेली नाही.

संसदेनं २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं अत्यावश्यक ठरवून २०१५ मध्ये देशभर एकच नियमावली आली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता परवान्यांची माळ लागत नाही. उत्तम झालं. पण धाकाचा एक गुण असा की कायदा मागे आला तरी तो मागे येत नाही. तीस वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न लिहिताच निवृत्तीला आली, आणि तिनंच पुढची शिकवली. आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये, ट्रामाडोल हे मधल्या पायरीवरचं स्वस्त वेदनाशामक याच कायद्याखाली आणलं गेलं. त्याचा गैरवापर होत होता, यात शंका नाही. पण औषधविक्रेत्यांची चलबिचल तीच, १९८५ नंतरची.

आता हाच तर्क व्यसनी माणसाला लावून पाहू. सेवन हाही आपल्याकडे गुन्हा आहे: हेरॉईन, कोकेनला वर्षभरापर्यंत कैद, गांजाला सहा महिन्यांपर्यंत. (भांग त्यातून सुटली, कारण झाडाची नुसती पानं कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. आणि दारूचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे, पिणाऱ्यानं परवाना बाळगायचा असतो, आणि त्याच दारूच्या शुल्कावर राज्याच्या तिजोरीची मोठी भिस्त आहे.) विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं मुंबईतल्या दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ मधली दहा हजारांवर प्रकरणं तपासली. बहुतेक गांज्याच्या सेवनाची, आणि शिक्षा झाल्या त्या जवळपास सगळ्या आरोपीनं गुन्हा कबूल केल्यामुळे. माणसं कोण? रोजंदारीवरची, झोपडपट्टीतली, पदपथावर राहणारी. ती गुन्हा का कबूल करतात हे समजायला अभ्यासाची गरज नाही. लढायचं तर वकील हवा आणि प्रत्येक तारखेला एक रोज बुडतो. कबूल केलं तर दंड भरून सुटका. पोलिसांच्या बाजूनंही हिशेब सरळ आहे. बंद दाराआड ओढणाऱ्याला पकडण्यापेक्षा पुलाखाली बसलेला सापडायला सोपा. एखाद्या मोठ्या घरचा मुलगा अडकला की वाहिन्यांवर पंधरा दिवस कायद्याची चर्चा होते. त्याच कलमाखाली रोज उभ्या राहणाऱ्यांची होत नाही.

वजनाच्या हिशेबानं तर यावर कडी केली आहे. हेरॉईनचं २५० ग्रॅमच्या वरचं प्रमाण 'व्यापारी' मानलं जातं. तिथे किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ अशक्य, कारण आरोपी निर्दोष असल्याचं मानायला सबळ कारण आहे असं न्यायालयाला जामिनाच्या टप्प्यावरच वाटावं लागतं. हे २५० ग्रॅम कशाचे? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की मिश्रणातल्या निव्वळ अमली द्रव्याचे. सरकारनं २००९ मध्ये अधिसूचना काढून सबंध मिश्रणाचे असं ठरवलं, आणि २०२० च्या हिरा सिंग खटल्यात न्यायालयानं ते उचलून धरलं. परिणाम बघा. एका पुडीवाल्याकडे २६० ग्रॅम भेसळीची भुकटी सापडली, तिच्यात पाच टक्के हेरॉईन. म्हणजे १३ ग्रॅम. तो किमान दहा वर्षांचा धनी. दुसऱ्याकडे २४० ग्रॅम शुद्ध माल. त्याला किमान शिक्षा नाही, कमाल दहा. भेसळ साखळीच्या खालच्या टोकाला वाढत जाते, शुद्ध माल वरच्या टोकाला असतो. न्यायालयाचं कारण असं की समाजात पोचते ती भेसळीची पुडीच, तेव्हा घातक तीच. त्यात तथ्य आहे; पण तेरा ग्रॅम दोनशे चाळीसवर भारी पडतात, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

इथे सर्वांत कठीण आक्षेप उभा राहतो, आणि तो पुस्तकी नाही. ज्या घरात पोरगं व्यसनात गेलंय, भांडीकुंडी विकली गेली आहेत, तिथली आई म्हणते: त्याला आत टाका, निदान मार खाऊन सुधारेल. तिचं म्हणणं उडवून लावायचा अधिकार कुणालाच नाही. पण ती जे मागते ते तिला कायद्यातून मिळतं का? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'नं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारूखेरीज इतर पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस माणसांतल्या एकालाच कसलेतरी उपचार मिळतात, असं त्यात दिसलं. अफूजन्य पदार्थांसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. त्या विसांतले उरलेले एकोणीस कुठे आहेत? अनेक जण लपलेले आहेत. कारण उपचाराला जाणं म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं त्यांना वाटतं. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ कलम कायद्यात आहे, पण नाक्यावरच्या माणसाला ते ठाऊक नाही आणि त्याला पकडणाऱ्याला ते सांगायची गरज वाटत नाही. मणिपुरात १९९० च्या सुमारास सुईनं नशा करणाऱ्यांत एचआयव्ही झपाट्यानं पसरला, तो लपून, एकच सुई वापरून. पुढे सरकारनंच नव्या सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधं देण्याचे कार्यक्रम चालवले. म्हणजे एका खात्यानं ज्याला पकडायचं, त्यालाच दुसऱ्या खात्यानं शोधून सुई द्यायची.

त्या आईला दुसरं उत्तर पुण्यात १९८६ पासून आहे. कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सुनंदा आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला पैसा आणि पाठबळ दिलं. एकाच प्रश्नाला राज्यसंस्थेचं उत्तर आणि समाजाचं उत्तर एकाच वेळी दिलं गेलं. दुसऱ्याला यश सोपं नव्हतं. व्यसन उलटून येतं, घसरलेला माणूस पुन्हा दाखल होतो, हे तिथे गृहीतच धरलेलं असतं. पण तिथे घसरणं हा गुन्हा नाही, आजाराचा भाग आहे, म्हणून घसरलेला परत येऊ शकतो. तुरुंगातून सुटलेला कुठे येतो?

मोठ्या तस्करांवर कायदा ढिला करा, असं यातून कुणी काढू नये. टनांनी माल आणणाऱ्यांना दीर्घ कैद असावीच, आणि त्यासाठी तपास हवा: पैशाचा माग, बंदरांवरचं लक्ष, टिकणारं आरोपपत्र. सेवनाच्या हजारो किरकोळ प्रकरणांत गुंतलेलं मनुष्यबळ तिकडे वळलं तर धाक बसायचा तिथे बसेल. राज्यघटनेचं ४७ वं कलम दाखवणाऱ्यांनीही ते पूर्ण वाचावं: मादक पेयं आणि घातक द्रव्यांच्या बंदीसाठी राज्यानं झटावं असं म्हणतानाच औषधी वापराचा अपवाद त्याच वाक्यात आहे. सेवनाचं कलम बदलायचं तर संसद लागेल, आणि त्याला वेळ लागेल. मॉर्फिनचं तसं नाही. वेदनोपचाराचं धोरण महाराष्ट्रानं २०१२ मध्येच केलं आहे, आणि २०१५ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाला मान्यता देण्याचा अधिकार राज्याच्या औषध नियंत्रकाकडे आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयाला ती मान्यता आहे का, त्याच्या कपाटात आज गोळ्या आहेत का, आणि त्या लिहिणारा डॉक्टर आठवड्यातून किती दिवस बसतो, हे विचारायला दिल्लीला जावं लागत नाही.